काकू, युटिलिटीजचा घोळ तुम्ही सोडवलात

प्रिय काकू,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच जेवणाचं विचारता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

टेक्ससमध्ये, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोला मला पहिल्यांदा अकाउंटिंग वनचा वर्ग मिळाला तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं घरी स्पॅनिश बोलणारी होती, काही तर रोज पलीकडच्या, मेक्सिकोतल्या हुआरेझहून पूल ओलांडून, चेकिंगच्या रांगेत उभं राहून यायची. पहिल्याच टेस्टला एका मुलीने युटिलिटीज एक्सपेन्सचा, म्हणजे लाइट-पाण्याच्या बिलांचा, आकडा नफ्यात धरला, तिच्यासारखंच अजून चारपाच जणांनी केलं आणि मी सरळ काट मारली, वाटलं अभ्यासच करत नाहीत. तुम्ही ते पेपर बघून म्हणालात, अगं मेक्सिकोत उतिलिदाद म्हणजे नफा, कायद्याने कंपनीच्या नफ्यातला १० टक्के वाटा कामगारांना मिळतो, त्यालाच घरोघरी उतिलिदादेस म्हणतात, मग तिला लाइटबिल कसं आठवेल? मी त्या रात्री सगळे पेपर परत काढून बसले, खरंच.

मग तुम्ही, रिटायर झाल्यावरसुद्धा, अख्खं सेमिस्टर दर शुक्रवारी लायब्ररीत येऊन बसलात. डेबिट-क्रेडिटला अडणाऱ्या मुलांना तुम्ही कार्गो आणि आबोनो म्हटल्याबरोबर दोघंतिघं हसलीच, कारण तिकडच्या शाळेत त्यांनी हे केलेलं होतं, फक्त इंग्लिशमध्ये ओळखू येत नव्हतं. बॅलन्सचंही तेच, आपण खात्यातल्या शिलकेलाही बॅलन्स म्हणतो आणि बॅलन्स शीटही म्हणतो, त्यांच्याकडे शिल्लक म्हणजे साल्दो आणि शीट म्हणजे बालान्से हेनेराल, दोन वेगळे शब्द. अशा शब्दांचा तुम्ही हाताने लिहिलेला तक्ता मी अजून वापरते, मागची बाजूसुद्धा आता भरलीय.

आणि मला विचारलंत ते तर विसरणंच शक्य नाही. "तुझ्या बाबांच्या दुकानात नावे-जमा चालायचं ना, मग अकरावीत इंग्लिश पुस्तक हातात आल्यावर तू काय केलंस?" काय करणार काकू, प्रत्येक डेबिटच्या डोक्यावर पेन्सिलीने नावे लिहायचे, लेजर दिसलं की खतावणी. स्वतः हे केलेलं असून वर्गात मात्र मी मुलांना स्पॅनिश बोलू नका म्हणत होते! आता ग्रुपमध्ये ती स्पॅनिशमध्ये हवं तेवढं भांडतात, हे अॅसेट का एक्सपेन्स, मग एन्ट्री इंग्लिशमध्ये लिहितात कारण परीक्षा इंग्लिशमध्येच असते, आणि ती भांडणं इतकी छान असतात ना की मला अर्धी कळत नाहीत तरी ऐकत बसावंसं वाटतं.

ती युटिलिटीजवाली मुलगी आता अकाउंटिंग टूला आहे आणि शुक्रवारी तुमच्याच टेबलावर नव्या मुलांना घेऊन बसते. परवा विचारत होती, सेन्योरा कधी येणार. गुडघा बरा झाला की सांगा, मी गाडी घेऊन येते न्यायला.

तुमची,
खूप खूप ऋणी