मॉनिटर वाजला म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, काल फोनवर "मशीन वाजलं आणि सिस्टरांनी मला बाहेर काढलं" एवढंच बोलून तू गप्प झालीस. गेली नऊ वर्षं अशाच आयसीसीयूत, म्हणजे हृदयाच्या अतिदक्षता विभागात, ड्युटी करताना नातेवाइकांना दाराबाहेर थांबायला मीच सांगते. त्या घाईत जे सांगायचं राहून जातं, ते तुला आज सावकाश लिहिते.

मॉनिटर दिवसभर वाजतो गं. घामाने छातीवरची पट्टी सुटली, बाबांनी कूस बदलली, बोटाची क्लिप निसटली, की वाजला. बाहेर थांबायला सांगतात तेही पुष्कळदा ईसीजी काढायचा असतो किंवा शेजारच्या पेशंटचं काही चाललेलं असतं म्हणून. पण बाबांना तिथे उगाच ठेवलेलं नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पहिले २४ ते ४८ तास ठोक्यांची लय अचानक बिघडण्याची भीती जास्त असते. ती पार विस्कटली तर छातीवर विजेचा शॉक द्यावा लागतो, आणि तेव्हा एकेक मिनिट मोलाचं. पूर्वी असे पेशंट साध्या वॉर्डात असत. काही झालं तर कळेपर्यंत उशीर झालेला असे. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडलं, की या सगळ्यांना एका जागी, सतत ईसीजीवर ठेवा. पुढे काही वर्षांतच डॉक्टर येईपर्यंत न थांबता शॉक देण्याची मुभा शिकलेल्या नर्सना मिळाली. आमच्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. बाबांच्या खाटेजवळची ती मुलगी नुसतं बीपी लिहायला उभी नाही.

सकाळच्या राउंडला तिथेच थांब आणि "रात्री लय कशी होती?" एवढं विचार. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्यावर पंपिंगचा आकडा सांगतील; एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो. ४५ टक्के ऐकून अर्धं हृदय गेलं असं समजू नकोस; धडधाकट माणसाचंही साधारण ५५ ते ७० असतं, १०० कुणाचंच नसतं. बाबांच्या घरच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखव, गुडघ्यांसाठी घेतात त्यासुद्धा. दुखण्यावरच्या काही गोळ्या हृदयाला चालत नाहीत. आणि त्यांचा चष्मा नेऊन दे. सतत दिवे आणि तुटक झोप, यात वयस्कर माणसाला रात्री भ्रम होऊ शकतो. ते काही भलतंच बोलले तर सिस्टरांना सांग, आणि आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे त्यांना शांतपणे सांगत राहा. चष्मा डोळ्यांवर असला की माणूस लवकर भानावर येतो.

बाबा, हे तुमच्यासाठी. आई वाचून दाखवेल. छातीत पुन्हा जड वाटलं, घाम सुटला, तर "सिस्टर कामात आहेत, थांबू थोडं" असं करू नका. त्या दिवशी गॅस समजून तीन तास अंगावर काढलंत, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. हृदयाचा मेलेला स्नायू परत येत नाही. बेल दाबा. दहा वेळा दाबावी लागली तरी दाबा.

मी परवा सकाळी पोहोचते. आई, आज रात्री घरी जाऊन झोप. तुझा नंबर सिस्टरांच्या वहीत बरोबर लिहिलाय ना, तेवढं जाताना बघून जा.

तुमची,
धाकटी