चाळीस पाउंडांचे म्हणून विकलेले धनुष्य, न जुळणारे बाण आणि माझ्यावर झालेला शिकारीचा आरोप

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
(हे पत्र पुन्हा ग्राहक सेवा विभागाकडे वर्ग करू नये.)

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा विभागाशी माझे सातवे बोलणे झाले. ते ज्या वाक्यावर संपले, त्यानंतर फोनवर बोलण्यासारखे काही उरले नाही, म्हणून लेखी कळवीत आहे.

सप्टेंबरमध्ये मी आपला पारंपरिक धनुष्यसंच घेतला. त्यात एक लाकडी लाँगबो, म्हणजे लांब पारंपरिक धनुष्य, सहा लाकडी बाण आणि वीस मीटरवर उभे करायचे फोमचे चितळ होते. धनुष्याच्या खालच्या पात्यावर ‘28 इंचांवर 40 पाउंड’ असे कोरलेले आहे आणि बाणांच्या पुठ्ठ्यावर ‘स्पाइन 40 ते 45’ असे छापलेले आहे. पहिला आकडा दोरी 28 इंच ओढल्यावर लागणारी ताकद सांगतो. स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा, आणि तो आकडा बाण किती पाउंडांच्या धनुष्याला जुळतो ते सांगतो; आकडा मोठा, तितका बाण ताठ. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे धनुष्य बनवणाऱ्याला मी सांगण्याची गरज नसावी. तरीही सात वेळा सांगून झाले आहे, म्हणून आठव्यांदा लिहितो. लाँगबोची मूठ मध्यापर्यंत कापलेली नसते. त्यामुळे सुटलेला बाण आधी लवतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. धनुष्याच्या ताकदीच्या मानाने बाण ताठ असेल, तर तो पुरेसा लवत नाही आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो.

आमचे सगळे बाण डावीकडेच जात होते.

मी एकतीस वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो आणि निवृत्तीनंतर कडेगाव तालुक्यातल्या माझ्या गावी मुलांना तिरंदाजी शिकवतो. 26 जानेवारीला शाळेच्या मैदानावर, गावासमोर, मी हे धनुष्य हाती घेतले. हरणाचे तोंड माझ्या डाव्या हाताला होते. पुढच्या पायाच्या मागे, खांद्याच्या खाली जे वर्तुळ असते त्यावर नजर ठेवून मी बाण सोडला. तो हरणाच्या छातीच्या पुढून, गुडघ्याच्या उंचीवरून गेला आणि मागच्या मातीच्या बांधात पिसांपर्यंत रुतला. दुसरा कसाबसा मानेला लागला. तिसरा पुन्हा बाहेर. मुले गप्प झाली. हसली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री मी घरीच तपासणी केली. ओसरीच्या तुळईला धनुष्य मुठीपाशी टांगले, दोरीला हुकाचा ताणकाटा लावला आणि बाणावर केलेल्या खुणेपर्यंत, म्हणजे 28 इंचांपर्यंत ओढले. काट्याने 15 किलो दाखवले. 40 पाउंड म्हणजे 18 किलोंच्या थोडे वर. मी तीनदा ओढले आणि तिन्ही वेळा 15 किलोच आले, म्हणजे 33 पाउंड. ओढ हलकी लागते हे माझ्या हाताला पहिल्या आठवड्यातच जाणवले होते. पण कोरलेल्या आकड्यावर मी हातापेक्षा जास्त विश्वास ठेवला, ही माझी चूक मी मान्य करतो.

नंतर बाण घेतले. फळीवर 26 इंचांच्या अंतराने दोन खिळे ठोकले, प्रत्येक बाण त्यांवर आडवा ठेवला आणि मधोमध 907 ग्रॅम, म्हणजे 2 पाउंड, वाळूची पिशवी टांगली. वाळू किराणा दुकानातल्या काट्यावर मोजून घेतली होती आणि बाण किती लवतो ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियरने मोजले. आपल्या छापील स्पाइनप्रमाणे प्रत्येक बाण साधारण 15 ते 16 मिलिमीटर लवायला हवा. तीन बाण तेवढे लवले. उरलेले तीन 11 आणि 12 मिलिमीटरवर थांबले, म्हणजे त्यांची स्पाइन 55 ते 60 च्या घरात आहे. दुसऱ्या दिवशी सराफाच्या काट्यावर वजन केले, तर तीन बाण 27 ग्रॅमच्या आसपास आणि तेच ताठ तीन 33 ग्रॅमचे निघाले. एकाच पुठ्ठ्यातल्या, एकाच रंगाच्या, एकाच किमतीच्या सहा बाणांत सहा ग्रॅमचा फरक आहे. ताठ असल्यामुळे ते डावीकडे जातात, जड असल्यामुळे खाली जातात आणि धनुष्य 40 चे नसून 33 चे असल्यामुळे दोन्ही दोष वाढतात. माझा बाण हरणाच्या डावीकडून आणि खालून का गेला, याचे उत्तर त्या फळीवर होते.

इथवरची तक्रार पैशांची आहे. पुढची नाही.

ऑक्टोबरपासून हे धनुष्य माझ्याकडे शिकणारी अकरावीतली एक मुलगी वापरत होती. तिचे बाण सतत डावीकडे पडत. मी आधी तिचे सोडणे दुरुस्त केले, मग हनुवटीखालची पकड, मग मुठीवरचा हात. डिसेंबरमध्ये मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो की, तुझे लक्ष नाही. ती एकदाच म्हणाली, “सर, तीन बाण वेगळेच जातात.” मी ऐकले नाही. त्यानंतर ती पंधरा दिवस आली नाही. तिची ओढ 26 इंचांचीच आहे आणि इंचामागे दोन-अडीच पाउंड कमी होतात. म्हणजे तिच्या हातात ते धनुष्य तिशीच्याही खाली येत होते आणि ते ताठ बाण माझ्यापेक्षा तिच्यावर अधिक अन्याय करत होते. पुठ्ठ्यावरच्या एका खोट्या आकड्यापायी मी एका खरे बोलणाऱ्या मुलीला खोटे पाडले. मी तिच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांसमोर तिची माफी मागितली आहे. आपल्याकडून अजून कोणी मागितलेली नाही.

आता कालच्या बोलण्याविषयी. पहिल्या ताईंना मी म्हणालो की, वीस मीटरवर हरीण चुकते आहे आणि त्याचे कारण मी मोजून काढले आहे. त्यांनी विचारले, “हरीण म्हणजे?” मी म्हणालो, “तुमच्याच संचातले फोमचे हरीण.” त्यांनी अकरा मिनिटे थांबवले आणि वरिष्ठांकडे फोन दिला. वरिष्ठ म्हणाले, “सर, वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. शिकारीसाठी वापर झाला असेल तर वॉरंटी लागू होत नाही. तुमच्या पहिल्या तक्रारीत हरीण चुकले असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे.” मी पुन्हा सांगितले की हरीण फोमचे आहे, आपल्या कारखान्यातून आलेले आहे आणि त्याच्या पोटावर आपले बोधचिन्ह आहे. त्यावर ते म्हणाले, “सर, तुम्ही आता फोमचे म्हणताय.” मी नोंद दुरुस्त करायला सांगितले, तर “नोंद तशीच राहील” असे उत्तर मिळाले. फोन ठेवताना ते म्हणाले, “आणि सर, पारंपरिक धनुष्याला सराव लागतो.”

‘तुम्ही आता फोमचे म्हणताय.’ या वाक्याचा अर्थ मी खोटे बोलतो, असा होतो. मी सागरेश्वर अभयारण्याच्या पायथ्याशी राहतो. ज्या उघड्या डोंगरांवर झाडे लावण्याच्या कामाला वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी आयुष्य वाहिले, त्या डोंगरांत आज चितळ, सांबर आणि काळवीट आहेत, आणि कुंपणाबाहेर येऊन ती आमची पिकेही खातात. माझा हरभरा दोन वर्षे त्यांनी खाल्ला. मी पत्र्याचा डबा वाजवला, दगडसुद्धा मारला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे शिकारबंदीचे नववे कलम मी दर वर्षी मुलांना धनुष्य हातात देण्याआधी समजावून सांगतो. आणि ज्या खोक्यावर आपण मोठ्या अक्षरांत ‘शिकार संच’ असे छापले आहे, ते खोके विकणाऱ्या कंपनीने मला शिकारी ठरवावे, हे मी सहन करणार नाही. ते नाव आपण ठेवले आहे, मी नाही.

सरावाविषयीही एकदाच लिहितो. आमच्या शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच वर्षी साताऱ्याच्याच पार्थ साळुंखेने लिमरिकला युवा गटात रिकर्व्हचे जागतिक सुवर्ण मिळवले. सराव म्हणजे काय, हे या भागातल्या मुलांना फोनवरून शिकवण्याची गरज नाही. त्यांना छापल्याप्रमाणे असलेले साहित्य हवे आहे. तिसऱ्या फोनवर मला सवलतीत कार्बनचे बाण घेण्याचा सल्ला दिला गेला. प्राण्यांच्या प्रतिकृतींवर ‘वर्ल्ड आर्चरी’ या जागतिक संघटनेच्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या थ्रीडी स्पर्धांत लाँगबो गटाला लाकडीच बाण लागतात, हे लाँगबो विकणाऱ्या कंपनीला माहीत असलेच पाहिजे. त्या स्पर्धेत मध्यवर्ती वर्तुळाला 11 गुण आणि हरीण चुकले तर शून्य मिळतो. आपल्या सहांपैकी तीन बाणांचे शून्य आधीच ठरलेले आहे.

मी आपले साहित्य प्रथमच घेतले नव्हते. नऊ वर्षांपूर्वीचे आपले बांबूचे धनुष्य आजही माझ्याकडे आहे आणि लहान मुले अजून त्यावरच शिकतात. त्याच्या पात्यावर हाताने लिहिलेला आकडा ताणकाट्यावर तंतोतंत उतरतो. त्या भरवशावर मी पंचक्रोशीतल्या चार शाळांना आपले नाव सुचवले होते. ती शिफारस मी आज मागे घेतली आहे आणि चारही मुख्याध्यापकांना माझी मोजमापे पाठवली आहेत.

माझे म्हणणे असे आहे. धनुष्य बदलून ते कोरल्याप्रमाणे 40 पाउंडांचे द्यावे. सहा बाण एका स्पाइनचे आणि एका वजनाचे द्यावेत. त्या मुलीसाठी तिच्या 26 इंचांच्या ओढीला जुळणारे आणखी सहा बाण द्यावेत, त्यांची किंमत मी भरेन. आणि माझ्या नावापुढची शिकारीची नोंद पुसून तसे लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि एवढ्या किमतीच्या वस्तूला तक्रारीचे शुल्कही पडत नाही. खिळे ठोकलेली फळी मी तिथे घेऊन जाणार आहे.

धनुष्य आणि पाच बाण आपल्या माणसाने येऊन न्यावेत. मोजून झाल्यावर पुन्हा सोडलेला सहावा बाण बांधात रुतला आणि काढताना पिसांपाशी मोडला. त्याचे दोन्ही तुकडे सुतळीने बांधून ठेवले आहेत. तो 11 मिलिमीटर लवणारा होता.

आपला,
निवृत्त क्रीडाशिक्षक,
तालुका कडेगाव, जिल्हा सांगली