जुन्या लॅपटॉपला उठवणाऱ्या अनामिकांचे आभार

२ जीबी रॅमचा माझा लॅपटॉप भंगारात निघाला असताना ज्यांनी मला थांबवले, त्यांची नावे मला ठाऊक नाहीत, म्हणून हे आभार जाहीरपणे मानतो. भंगारात देण्यापूर्वी डिस्कवरची माहिती कशी पुसावी, एवढाच माझा प्रश्न होता. साध्या फॉरमॅटने माहिती खरोखर जात नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर सर्वत्र एकदा शून्ये लिहिली की पुरते, परंतु एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, लेखनाच्या जागा आतल्या आत बदलत असल्यामुळे तिला तिचीच सिक्युअर इरेज (सर्व माहिती पुसण्याची) आज्ञा द्यावी लागते, हे एका सहृदय व्यक्तीने न कंटाळता समजावले. दुसऱ्याने सुचवले, की पुसलाच आहे तर त्यावर एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली बसवून पाहावी. १९९३ पासून स्वयंसेवकांनी जोपासलेली ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून सहज बसली. वायफाय चालेना, तेव्हा चिपचा क्रमांक पाहून नेमके फर्मवेअर (ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर) तिसऱ्याने सांगितले. सर्वांत मोलाची ठरली ती झेडरॅमची सूचना: या सोयीमुळे रॅममधलीच माहिती दाबून कमी जागेत साठवली जात असल्याने डिस्कवरची ये-जा घटली आणि ब्राउझर अडखळेनासा झाला. या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. हा मजकूर त्याच लॅपटॉपवर लिहिला आहे.