बटण दाबण्याआधीचे काम

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती लेझर कटिंगवर आलेला लेख वाचला. गणपतीच्या तोंडावर विषय चांगला निवडलात. पण ‘इंटरनेटवरून डिझाइन उतरवून घ्या, बटण दाबा, मखर तयार’ हे वाचून मी थबकले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होते. आधी ट्रेसिंग पेपरवर, मग ऑटोकॅडवर. निवृत्तीनंतर चरईतल्या घरी गॅलरीत छोटे डायोड लेझर यंत्र बसवले आहे आणि ओळखीपाळखीच्यांना दारावरच्या पाट्या, मखराचे भाग कापून देते. बटण काय, माझा शाळकरी नातूही दाबतो. संध्याकाळ जाते ती फाइलीत.

लोक व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीईजी पाठवतात आणि म्हणतात, ‘काकू, एवढंच कापून द्या.’ जेपीईजी म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. तिच्यावरून कोरीवकाम होते, कापकाम नाही. कापायला किरणाला कुठून निघायचे आणि कुठे पोचायचे ते सांगणारी रेषा लागते, म्हणजे एसव्हीजी किंवा डीएक्सएफ फाइल. इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्रावरून रेषा काढून घेण्याची सोय आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. आपण पेनाने मारलेली एक रेघ तिला दोन कडांचा पट्टा दिसते. ती दोन्ही कडांच्या रेषा काढून देते आणि लेझर एकाच रेघेवरून दोनदा फिरून मधले लाकूड काळे करून ठेवतो.

खरी गंमत आपल्या लिपीची. ‘ठाणे’ हा शब्द संगणकात अखंड नसतो. ठ, काना, ण, मात्रा असे सुटे तुकडे असतात आणि ते शिरोरेघेपाशी एकमेकांवर किंचित चढवून ठेवलेले असतात. पडद्यावर सगळे काळेभोर, एकजीव दिसते. अक्षरांच्या बाह्यरेषा करून फाइल तशीच यंत्राला दिली की किरण प्रत्येक तुकड्याची हद्द इमानाने कापतो आणि हातात येतो सुटा काना, सुटी मात्रा. उपाय अवघड नाही. बाह्यरेषा केल्यावर गट सोडवायचा, सगळे तुकडे निवडायचे आणि ‘युनियन’ करायचे, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच तुकडा होतो. कोरलड्रॉवाले याला ‘वेल्ड’ म्हणतात. मग रंग बंद करून नुसत्या रेषा पाहायच्या. शिरोरेघेत कुठे उभी चीर राहिली असेल तर ती तिथेच दिसते.

एवढे केले की कापायला देवनागरीइतकी सोयीची लिपी नाही, असे माझे मत. इंग्रजी नाव कापले तर प्रत्येक अक्षर वेगळे पडते. मग फूटपट्टी लावून एकेक चिकटवत बसा. आपले नाव शिरोरेघेला धरून एका तुकड्यात उचलता येते. निसटते ते मुख्यतः अनुस्वाराचे टिंब. ते जरासे खाली ओढून शिरोरेघेला टेकवावे लागते. सुलेखन करणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण सावंतांच्या दारावर ‘सावत’ लागण्यापेक्षा बरे. फॉन्टही जाड घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बालू’ मोफत मिळतो आणि या कामाला उत्तम आहे. रांगोळीचा छाप कापायचा असेल तर सगळे उलटे होते: अक्षर गळते, पत्रा राहतो, आणि प, व, ब यांची पोटेही अक्षराबरोबर खाली पडतात. त्यांना धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. आणि डीटीपीवाल्यांना एक विनंती: जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडतो. अक्षरांचे ‘कर्व्हज’, म्हणजे बाह्यरेषा, करूनच फाइल पाठवावी.

आता मखर. उतरवून घेतलेल्या डिझाइनमधली खाच बरोबर तीन मिलिमीटरची असते. आपल्याकडे तीनचे म्हणून मिळणारे एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीने मोजले तर कधी २.७ भरते, कधी ३.२. त्यात किरण स्वतः थोडे लाकूड खातो. माझ्या यंत्रावर हे खाणे साधारण ०.१५ मिलिमीटर आहे. म्हणजे खाचेत बसणारा १० मिलिमीटरचा कुसू ९.८५ निघतो, त्याची खाच १०.१५ होते आणि जोड ०.३ ने ढिला पडतो. आपल्या यंत्राचे खाणे काढायला १० मिलिमीटर रुंदीच्या दहा पट्ट्या कापाव्यात, शेजारी शेजारी दाबून मोजाव्यात. शंभरात जेवढे कमी भरेल त्याचा दहावा भाग हे उत्तर. ते हाती आले की कुसू तेवढा वाढवा, खाच तेवढी कमी करा. आतली भोके आधी आणि बाहेरची कड शेवटी कापावी, नाहीतर सुटलेला तुकडा हलतो आणि भोके सरकतात.

मापांचा घोळ वेगळाच. एक प्रोग्रॅम इंचाला ९६ ठिपके धरतो, दुसरा ७२. ४०० मिलिमीटरचे मखर मुकाट्याने ३०० चे होते. फाइलीच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवला की उघडताक्षणी कळते.

हे सगळे लेखात यायला हवे होते, पण नसले तरी फार तर एमडीएफ वाया जाते. पत्र लिहायला बसले ते लेखातल्या शेवटच्या परिच्छेदामुळे. थर्मोकोलला २०१८ पासून राज्यात बंदी असल्याने ‘सनबोर्ड घेऊन लेझरवर कापावा’ असा सल्ला तिथे आहे. सनबोर्ड म्हणून बाजारात मिळणारे बरेचसे बोर्ड पीव्हीसी या क्लोरीन असलेल्या प्लॅस्टिकच्या फोमचे असतात. पीव्हीसी लेझरने जाळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो छातीत जातो आणि यंत्राचे लोखंडही गंजवतो. खिडकी उघडी ठेवून हे भागत नाही. सनबोर्ड हाताने, पात्याच्या कटरनेच कापावा. एखाद्या प्लॅस्टिकची शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून त्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी, तीही घराबाहेर. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची दाट शक्यता आहे आणि तो पत्रा यंत्राखाली घालू नये.

जांभळी नाक्यावर सजावटीच्या सामानाची खरेदी सुरू झाली आहे. सनबोर्डाची ती ओळ पुढच्या रविवारपर्यंत न थांबता उद्याच्याच अंकात, पहिल्या पानावर नसली तरी ठळक चौकटीत दुरुस्त करावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, चरई, ठाणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)