तक्रार: डिझेल संपल्यामुळे वाटेत ३१ तास बंद पडलेला रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर

प्रति,
मॅनेजर साहेब, रीफर आणि क्लेम विभाग

विषय: इंदूरहून न्हावा शेवाला रेल्वेने पाठवलेला ४० फुटी रीफर, माल फ्रोझन मटार आणि भुट्ट्याचा कीस, नुकसानभरपाई आणि लेखी खुलाशाबद्दल

साहेब, नमस्कार.

आधी तीनदा फोनवर तक्रार केली, तिन्ही वेळा वेगळा माणूस बोलला आणि तिन्ही वेळा मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. पत्र लांब होईल पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या ऑफिसमधून आलेल्या दोन ओळींच्या मेलमध्ये "डिलिव्हरीच्या वेळी तापमान मायनस १७.२ होते, सबब क्लेम मान्य नाही" एवढंच आहे आणि ते वाचून मला रात्रभर झोप आली नाही.

आमचं सांवेर रोडला छोटं युनिट आहे. मी, माझी जाऊ आणि बारा बाया. हिवाळ्यात मटार सोलून, ब्लांच करून फ्रीझ करतो आणि पावसाळ्यात भुट्टे आले की कीस करतो, आपल्या इंदूरचा, सराफ्यात मिळतो तसा, दुधात शिजवून, आणि तो अर्ध्या किलोच्या पाउचमध्ये. दुबईला मालव्यातली माणसं बरीच आहेत, तिथल्या एका दुकानदाराने दोन वर्षं थोडा थोडा माल घेतला आणि या मे महिन्यात पहिल्यांदा पूर्ण कंटेनर मागवला. २१०० कार्टन, प्रत्येकी १० किलो, त्यात १७०० मटारचे आणि ४०० किसाचे. आमच्यासाठी हा वर्षाचा धंदा होता.

आधी आम्ही ट्रकनेच पाठवायचो. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की फळं-भाजी रेल्वेने जाऊ शकते तर आपला माल का नाही, भाडं कमी, घाटात जाम लागायचा प्रश्न नाही. तुमचे सेल्सवाले आमच्या युनिटवर आले, चहा घेतला आणि म्हणाले की ताई, रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, पॉवरपॅक असतो, म्हणजे एका कंटेनरमध्ये मोठा जनरेटर, त्यावरून सगळ्या रीफरना करंट जातो, तुमचा माल घरच्या फ्रीजसारखा राहील. त्या शब्दावर आम्ही माल दिला.

आता काय झालं ते सांगते, आणि यातली प्रत्येक वेळ तुमच्याच कंटेनरच्या लॉगरमधून, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्रातून, सर्व्हेअरने डाउनलोड केलेली आहे, माझ्या मनाची नाही. मंगळवारी रात्री साडेदहाला तुमच्या टर्मिनलवर कंटेनर पॉवरपॅकला जोडला, सेट पॉइंट, म्हणजे ठेवायचं तापमान, मायनस १८, आतली हवा मायनस १८.४. माल भरताना मी स्वतः कार्टनमध्ये थर्मामीटर खुपसून बघितलं होतं, मायनस १९ होतं. हे मुद्दाम सांगतेय कारण रीफर माल गोठवत नाही, गोठलेला माल फक्त तसाच ठेवतो, आणि "तुमचाच माल गरम असेल" असं तुमचा एक माणूस फोनवर म्हणाला होता. बुधवार पूर्ण दिवस ठीक. गुरुवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी पॉवर ऑफ. ११.३० ला परत चालू. शुक्रवारी सकाळी ६ ला परत ऑफ, आणि मग थेट शनिवारी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी चालू. मिळून ३१ तास. मे महिना, पत्र्यावर दिवसभर ऊन. रिटर्न एअर, म्हणजे मालावरून फिरून परत येणारी हवा, शुक्रवारी रात्री मायनस ४.६ वर आली होती.

रेक दाहोदच्या पुढे लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी होती हे मला माहीत आहे, पॅसेंजर गाड्यांना आधी सोडतात, मालगाडी थांबते, हे इंदूर-रतलामकडच्या कुठल्याही माणसाला कळतं आणि त्यासाठी मी रेल्वेला एका शब्दाने दोष देत नाही. गाडी उभी राहिली म्हणून माल बिघडत नाही. माल बिघडला कारण उभ्या गाडीत तुमच्या जनरेटरचं डिझेल संपलं. इंजिनावर २५ हजार व्होल्टची तार असली तरी मालगाडीच्या वॅगनला त्यातून करंट मिळत नाही, म्हणजे या प्रवासात त्या कंटेनरचा जीव फक्त त्या टाकीतल्या डिझेलवर असतो. मग ती टाकी बघायला कोण होतं?

मी गुरुवारी सकाळी ९ ला फोन केला होता, कारण ट्रॅकिंगवर रेक रात्रीपासून एकाच जागी दिसत होती. तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने सांगितलं, मॅडम टेंपरेचर नॉर्मल है, मायनस अठारा. मी विचारलं कितीचं रीडिंग आहे, तो म्हणाला लास्ट अपडेट. तो लास्ट अपडेट रात्री अडीचचा होता हे मला पंधरा दिवसांनी कळलं. त्या वेळी मला खरं सांगितलं असतं तर मी दाहोदला गाडी पाठवून डिझेल पोचवलं असतं, माझ्या पैशाने पोचवलं असतं साहेब, इंदूरहून किती लांब आहे ते.

आता डिझेलचा हिशेब. हा मी आणि माझ्या दिराने रात्री वही घेऊन मांडलाय आणि यावर मला तुमचं उत्तर हवंय. तुमच्या टर्मिनलच्या कागदावर लिहिलंय, पॉवरपॅक टाकी फुल, १२०० लिटर, रीफर १२. गुरुवारी तुमच्या माणसाने पिकअपमधून दोन ड्रम आणून ओतले, म्हणजे ४०० लिटर, हे त्यानेच मला फोनवर सांगितलं. ते ४०० लिटर ११.३० पासून शुक्रवारी ६ पर्यंत चाललं, साडेअठरा तास. म्हणजे बारा रीफर त्या उन्हात ओढत असताना तासाला साडेएकवीस लिटरच्या आसपास. आता मागे जा. मंगळवारी रात्री साडेदहा ते गुरुवारी पहाटे २.४० म्हणजे अठ्ठावीस तास आणि वर थोडं. त्या हिशेबाने सुटताना टाकीत सहाशे लिटर होतं. फुल नव्हती, अर्धी होती. कुणीतरी काटा न बघता "फुल" लिहून सही केली. आणि टाकी खरंच फुल असती ना, तरी ती पंचावन्न तास पुरली असती, म्हणजे शुक्रवारच्या सकाळपर्यंत, आणि रेक पोर्टला लागली रविवारी सकाळी. म्हणजे वाटेत एकदा तरी डिझेल भरावंच लागणार होतं आणि त्याची काहीही तयारी तुमच्याकडे नव्हती. गुरुवारी ड्रम आले तेही अर्धवट, कुणी हिशेब केला नाही की हे कधीपर्यंत पुरेल.

दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा २२ तास का लागले हे विचारलं तर म्हणाले इंजिन स्टार्ट होत नव्हतं. नाहीच होणार. माझ्या वडिलांचं देवासजवळ शेत होतं, विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन, आणि लहानपणापासून ऐकत आलेय की इंजिन कधी कोरडं पडू द्यायचं नाही, टाकी पूर्ण संपली की लाइनमध्ये हवा शिरते, मग नुसतं डिझेल ओतून चालत नाही, नट ढिला करून हाताने पंप मारत बुडबुडे जाईपर्यंत हवा काढावी लागते. वडील अंधारात टॉर्च तोंडात धरून ते करायचे, आणि आम्ही बहिणी फडकं घेऊन उभ्या. एवढी गोष्ट शेतकऱ्याला कळते तर जनरेटरवर धंदा करणाऱ्या कंपनीने रेकबरोबर एक माणूस का ठेवू नये ज्याला हे येतं? शेवटी मेकॅनिक बडोद्याहून आला. हवा काढून इंजिन चालू झालं तर त्याने बाराही रीफर एकदम टाकले, सगळे कॉम्प्रेसर एकाच वेळी उठले आणि मेन ब्रेकर ट्रिप झाला, आणि मग एक-एक करून चालू करण्यात आणखी दोन तास. हेही मला त्या मेकॅनिकनेच सांगितलं, बिचारा खरं बोलला, त्याच्यावर कृपया कारवाई करू नका.

आता तुमच्या मायनस १७.२ बद्दल. ते रीडिंग त्यानंतरच्या मंगळवारचं आहे, कंटेनर पोर्टला पोचल्यानंतरचं. शनिवारी पहाटे पॉवर आली, रविवारपासून कंटेनर पोर्टच्या प्लगवर होता, तीन दिवसांत आतली हवा खाली आली. हवा परत थंड झाली म्हणून विरघळलेला मटार परत पहिल्यासारखा होत नाही. मी अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर बसून आले आणि दार उघडताना तिथे उभी होते. दाराजवळचा वरचा कार्टन काढला, त्यातला पाउच हातात घेतला आणि हलवला. चांगला फ्रोझन मटार पाउचमध्ये खुळखुळतो, दाणा न् दाणा सुटा असतो, आमच्या बाया पॅक करताना तो आवाज ऐकूनच पास करतात. हा हललाच नाही. विटेसारखा एक गोळा, आणि पाउचच्या आत तळाला बर्फाची बोटभर जाडीची पट्टी, म्हणजे पाणी सुटून खाली जमलं आणि तिथेच परत गोठलं. किसाचं त्याहून वाईट, त्यात दूध आहे, त्याचं पाणी वेगळं आणि कीस वेगळा झालाय, वर पिवळट थर. मधल्या ओळीतले काही कार्टन ठीक आहेत हे मी प्रामाणिकपणे सांगते, सर्व्हेअरनेही तसंच लिहिलंय, पण भिंतीलगतचे, छताखालचे आणि दाराकडचे मिळून ११६० कार्टन नापास आहेत आणि दुबईवाल्याने सगळाच लॉट नाकारला. त्याचं तरी काय चुकलं, खाण्याची वस्तू आहे, मायनस १८ किंवा त्याखाली ठेवायचा एफएसएसएआयचा नियम आम्हीच पाकिटावर छापतो.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी, इथे तर १९०६ साली पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस नावाची कंपनी निघाली, तेव्हा डब्यात बर्फ भरून फळं नेत, आणि वाटेत बर्फ भरायची स्टेशनं ठरलेली असत, रोझव्हिलला त्यांचा केवढा तरी मोठा बर्फाचा कारखाना होता. पुढे डब्यालाच डिझेल इंजिन आणि टाकी आली, आणि आता टाकीत किती डिझेल आहे हेही दुरून बघता येतं. मी हे तुम्हाला हिणवायला लिहीत नाहीये. बर्फ असो की डिझेल, लांबच्या प्रवासात ते संपणारच आहे, म्हणून कुठे भरायचं ते सुटायच्या आधी ठरलेलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. आपल्याकडे वरून तार जाते, लूप लाइनला कुठेही टँकर लावून भरता येत नाही, स्टेशनवाल्यांची परवानगी लागते, बाजूला रस्ता लागतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर रतलाम, गोध्रा, बडोदा अशी दोन-तीन यार्डं आधीपासून ठरवून, तिथे बाउझरवाल्याशी, म्हणजे डिझेलच्या टँकरवाल्याशी, बोलून ठेवायला हवं, आणि रेक उशिरा धावतेय हे दिसलं की हिशेब परत मांडायला हवा. बारा कंटेनर होते त्या रेकमध्ये. बाकीच्या अकरा जणांचं काय झालं मला माहीत नाही पण त्यांचाही माल कुणाच्या तरी घामाचाच होता.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. मालाची इन्व्हॉइस किंमत १९ लाख ४० हजार आहे, जो माल चांगला निघाला त्याची इथल्या बाजारात जी किंमत येईल ती वजा करा आणि बाकीची भरपाई द्या, जास्तीचा एक रुपया नको. पोर्टवर प्लगचं आणि जागेचं जे भाडं चढतंय ते तुम्ही भरा. पॉवरपॅकच्या टाकीचा आणि अलार्मचा मंगळवार ते रविवारचा पूर्ण रेकॉर्ड द्या, माझा हिशेब चुकीचा असेल तर त्यात दिसेलच आणि तसं असेल तर मी माफी मागेन. आणि ज्याने "टाकी फुल" वर सही केली त्याला कामावरून काढावं असं माझं म्हणणं नाही, फक्त यापुढे गेज बघितल्याचा फोटो काढल्याशिवाय रेक सुटणार नाही असं लेखी द्या, म्हणजे पुढचा माल मी पाठवायचा की नाही ते मला ठरवता येईल.

जाऊबाई म्हणाल्या, परत ट्रकच बरा. मी अजून तसं म्हणत नाही, रेल्वेने गेलं तर आमच्यासारख्या छोट्यांना परवडतं आणि इंदूरहून हे चालू राहावं असं मला मनापासून वाटतं.

कंटेनर आत्ता न्हावा शेवाला प्लगवर उभा आहे. ठीक असलेले कार्टन वेगळे काढायचे तर लवकर काढावे लागतील आणि त्यासाठी तुमचा माणूस हजर पाहिजे, नाहीतर नंतर तुम्हीच म्हणाल की आमच्यासमोर मोजलं नाही. येत्या सोमवारपर्यंत कोण येणार त्याचं नाव आणि वेळ कळवा, मी रविवारी रात्रीच निघते. लॉगरचा डाउनलोड, सर्व्हेअरचा रिपोर्ट, भरतानाचे थर्मामीटरचे फोटो आणि पाउचचा व्हिडिओ मेलसोबत जोडलाय, व्हिडिओ आवाज चालू करून बघा.

आपली,
कंटेनरमधल्या मालाची मालकीण
सांवेर रोड, इंदूर
(बुकिंग नंबर आणि फोन मेलच्या विषयात दिला आहे)