एकही चेंडू न टाकलेला पिचर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या बेसबॉलवरच्या लेखात, मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, दोन-चार सामने खेळून परतलेल्या पिचरांना (चेंडू टाकणाऱ्यांना) सरसकट 'अपयशी' म्हटलंय. मी तीसेक वर्षं क्लब क्रिकेटचा स्कोअरर होतो. आकडे असे अर्धवट वाचलेले दिसले की मला राहवत नाही.

लॅरी याउंटचंच घ्या. १९६८ साली ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोस या मेजर लीगमधल्या संघानं शाळेतूनच उचललेला पोरगा. मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायऱ्यांवर, घासून घासून १५ सप्टेंबर १९७१ ला, एकविसाव्या वर्षी, अटलांटाविरुद्ध नवव्या इनिंगला त्याला बोलावणं आलं. आधीचा आठवडा लष्कराच्या राखीव दलात गेलेला, हात आखडलेला. माउंडवर (पिचर चेंडू टाकतो त्या उंचवट्यावर) सरावाचे मोजके चेंडू टाकले आणि कोपरानं दगा दिला. तसाच आत गेला. पण नाव पुकारलं गेलं होतं, त्यामुळे सामना खात्यावर चढला. सामने १, समोर आलेले बॅटर ०. पुढे काही वर्षं मायनरमध्ये धडपडला, पण वर परत कधीच पोचला नाही. (धाकटा भाऊ रॉबिन मिलवॉकीकडून वीस मोसम खेळला, ३,१४२ हिट्स मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. एकाच घरातली ही दोन पानं!)

इतक्या छोट्या मुक्कामाला ते लोक 'कपभर कॉफी' म्हणतात. पण त्या कपापर्यंत पोचणंच केवढं! २०२२ मध्ये ट्रिपल-ए, म्हणजे मायनरमधल्या सर्वांत वरच्या पायरीचा किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलर होता आणि एकच पायरी वर, मेजर लीगमध्ये, सात लाख. तिथे ४३ दिवस निघाले की पेन्शनचा हक्क लागतो. ते दिवस बोटांवर मोजणाऱ्या माणसाला अपयशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्याकडे एकदा एका मुलानं ओव्हरसाठी चेंडू घेतला, मी वहीत त्याचं नाव लिहिलं, आणि पहिल्याच रनअपला त्याची मांडी धरली. ओव्हर दुसऱ्यानं टाकली. सामन्यानंतर मी खोडरबर काढत होतो, तेवढ्यात तो लंगडत टेबलापाशी आला, उलट्या बाजूनं वही वाचली आणि म्हणाला, "काका, राहू द्या ना."

नियमात बसत नव्हतं. राहू दिलं.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर