टेलला पाणी पोचलं का?

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. "बीपीचं मशीन तर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडेही आहे, मग तुम्ही आयसीयूत वर्षानुवर्षं संशोधन करता तरी कसलं?" प्रश्न खवचट आहे, पण पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला उत्तर चटकन कळेल. बीपी म्हणजे दाब. आम्हाला हवा असतो विसर्ग, म्हणजे मिनिटाला किती रक्त वाहतं ते. विसर्ग घटला की शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवून धरतं, त्यामुळे मॉनिटरवर सगळं आलबेल दिसतं. नातेवाईक दाराशी विचारतात, "बीपी नॉर्मल आहे ना?" आणि आमच्या तोंडून लगेच 'हो' निघत नाही, ते यामुळे.

धडधाकट माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. ते मोजायचं कसं? ओढ्यात मीठ सोडून खाली ते किती विरलं यावरून विसर्ग काढतात, ते तुला सांगायला नको. स्टुअर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हीच युक्ती रक्ताभिसरणाला लावली. पण आयसीयूतल्या खाटेजवळ रोज वापरता येईल असं साधन यायला १९७०चं दशक उजाडलं, आणि त्याची गोष्ट मला भारी आवडते. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातले जेरेमी स्वान १९६७ मध्ये मुलांना घेऊन सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर गेले होते. वारा जवळजवळ पडलेला, तरी एक बोट मोठं शीड फुगवून बरी चालली होती. तेव्हा हृदयातून नळी पुढे नेणं म्हणजे जिकिरीचं काम, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ढकलत न्यायची. स्वानना वाटलं, टोकाला शीड लावलं तर प्रवाहच नळी ओढून नेईल. शिडाऐवजी फुगा आला, जेमतेम दीड मिली हवेचा. मानेच्या शिरेतून आत गेलेली नळी रक्ताबरोबर वाहत उजव्या हृदयातून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन बसते. त्यांचे सहकारी विल्यम गँझ यांनी मिठाची जागा थंडाव्याला दिली. गार सलाईन झटक्यात सोडायचं आणि टोकाजवळच्या सेन्सरला रक्त किती गार लागलं यावरून विसर्ग काढायचा.

पुढची पंचवीस वर्षं ही नळी म्हणजे आयसीयूची शान. आणि मग १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ५७३५ रुग्णांची पाहणी आली. नळी घातलेल्यांत मृत्यू जास्त! ती पाहणीच होती, कोणाला नळी घालायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी नव्हे, म्हणून वाद पेटला. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या हजाराहून अधिक रुग्णांवरच्या रीतसर चाचणीत दिसलं की नळीने ना फायदा, ना तोटा. मला यात नळीचा दोष दिसत नाही. नुसतं मोजल्याने कोण बरं होणार? आकडा बघून आम्ही काय करतो, तिथे गोची होती. विसर्ग कमी दिसला की सलाईन ओत, औषध वाढव. कालव्याच्या हेडला पाणी सोडलं म्हणजे पार शेवटच्या टोकाच्या, टेलच्या शेतकऱ्याचं रान भिजलंच, असं तुझ्या खात्यात कोणी म्हणेल का? जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने रक्ताभिसरण कोलमडतं तेव्हा, नेमकं हेच होतं. हृदय भरपूर रक्त सोडतं, आणि बारीक केशवाहिन्यांपाशी मात्र ठणठणाट.

म्हणून मी सध्या ज्याच्या मागे लागलोय ते ऐकून तू हसशील. बोट दाबायचं. तर्जनीच्या पेरावर काचपट्टी दाबून कातडी पांढरी करायची, १० सेकंद तसंच धरायचं, सोडायचं, आणि लाली परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. ३ सेकंदांच्या वर गेलं की टेल कोरडं. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतल्या २८ रुग्णालयांनी अशा शॉकच्या ४२४ रुग्णांवर हे पडताळलं आणि २०१९ मध्ये छापलं. निम्म्यांचे उपचार बोट बघून, निम्म्यांचे रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) मोजून. २८ दिवसांत बोटवाल्या गटात ३४.९ टक्के दगावले, लॅक्टेटवाल्यांत ४३.४. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसाला हा फरक थोडक्यासाठी उतरला नाही, त्यामुळे 'जिंकलो' म्हणता येत नाही. पण फुकटची तपासणी महागडीच्या तोडीस तोड ठरली, हे माझ्या मते थोडं नाही. तालुक्याच्या रुग्णालयात लॅक्टेटचं मशीन नसतं. बोट प्रत्येकाला असतं.

अडचणी आहेतच. एसीत बोटं गार पडली की लाली उशिरा येते. सावळ्या कातडीवर, त्यात रात्रीच्या मंद दिव्यात, फिकटपणा कळणं मुश्कील. शिवाय एका सिस्टरचं दाबणं दुसरीसारखं नसतं, आणि निवासी डॉक्टर तर घाईत मनातल्या मनात 'एक-दोन-तीन' म्हणून मोकळे होतात. दर वेळी सारख्याच जोराने दाबेल आणि लालीची वेळ स्वतः टिपेल असा साधा चिमटा बनवायचा आमचा खटाटोप चालू आहे. स्प्रिंग हवी तशी मिळत नाहीये. तुझे ते भोसरीचे वर्कशॉपवाले मित्र अजून छोटी कामं घेत असतील तर गाठ घालून दे. पैसे रोख देईन, उधारी नाही.

वहिनींना नमस्कार. उत्तर पत्रानेच दे, व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवून सुटका करून घेऊ नकोस.

तुझा,
अविनाश